क्रोमचे व्हील नट ओरखडा न पाडता कसे बसवावेत

क्रोमच्या व्हील नटाचं नुकसान बहुतेक वेळा तो बसवतानाच होतं. पुढे पावसाळ्यात त्यावर तांबूस ठिपका दिसतो आणि दोष खाडीच्या हवेला जातो. पण त्या ठिपक्याच्या जागी मुलामा आधीच फुटलेला असतो, आणि तो फोडलेला असतो सैल सॉकेटने (नटावर चढणारा पान्याचा पोकळ भाग, यालाच गोटी म्हणतात) किंवा टायरवाल्याच्या नट आवळायच्या गनने. कोपरी-ऐरोलीपासून वाशी-सीवूड्सपर्यंत ठाणे खाडीच्या काठाने राहणाऱ्यांनी तर हे नीट समजून घ्यायलाच हवं. इथल्या हवेत दमटपणाही आहे आणि मीठही. फुटलेल्या मुलाम्याला ही हवा माफ करत नाही. शाबूत मुलामा मात्र इथेही वर्षानुवर्षं टिकतो.

नटावरचा क्रोम हा एकच थर नसतो. पोलादाच्या नटावर आधी निकेल चढवतात, कधी त्याखाली तांबंही असतं, आणि सगळ्यात वर क्रोमियम. गंजापासून वाचवण्याचं मुख्य काम निकेलचं. क्रोमियममुळे ती निळसर झाक आणि कठीणपणा येतो. निकेलचा थर साधारण १० ते ३० मायक्रॉनचा, आणि क्रोमियमचा अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. क्रोमियम कठीण असल्यामुळे घासण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण ठिसूळ असल्यामुळे ठोक्याने तडकतं. एकदा का आतलं पोलाद उघडं पडलं की ओलाव्यात निकेल आणि पोलादाची जोडी जमते आणि त्यात झिजतं ते पोलाद. म्हणून टाचणीच्या डोक्याएवढी उघडी जागाही भराभर गंजते, गंज मुलाम्याच्या खालून पसरतो आणि पापुद्रा सुटतो.

यातून कामाची गोष्ट एवढीच: सॉकेट आणि नट यांच्यात हालचाल होऊ द्यायची नाही, आणि ठोका बसू द्यायचा नाही. खाली जे काही सांगतो आहे ते सगळं या दोन गोष्टींसाठीच आहे.

विकत घेताना

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घ्या, ठाण्यातल्या अॅक्सेसरीच्या दुकानात घ्या किंवा ऑनलाइन मागवा, दुकानदार आधी चमक दाखवतो. तुम्ही नट उलटा करून बघा. नटाचा जो भाग रिमवर टेकतो ती त्याची बैठक, आणि बैठक तुमच्या रिमच्या भोकाशी जुळली नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

बाहेरून घेतलेल्या बहुतेक अलॉय चाकांना ६० अंशांच्या शंकूची बैठक लागते. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोलाई असलेली बैठक लागते. टोयोटाच्या अनेक जुन्या अलॉयना सपाट बैठकीचा, वायसर असलेला नट येतो. गोलाईच्या भोकात शंकूचा नट घातला तरी तो आवळला जातो, घट्टही वाटतो. पण तो रिमला एका बारीक कडेवरच टेकलेला असतो. ती कड क्रोम खरवडते, नट सैल होत जातो, आणि चालत्या गाडीचं चाक सैल होणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. जुना नट आणि नवा नट शेजारी ठेवून बैठक ताडून बघा. रिम बदललेली असेल तर रिमवाल्याला विचारा, जुन्या नटावर जाऊ नका.

आटे दुसरे. होंडा, ह्युंदाई, टोयोटा यांच्या बहुतेक प्रवासी गाड्यांना १२ मिमीचा स्टड (ज्यावर नट चढतो तो आट्यांचा दांडा) आणि १.५ चे आटे, म्हणजे दोन आट्यांत १.५ मिमी अंतर, असतात. मारुती सुझुकी आणि निसानच्या बहुतेक गाड्यांना स्टड १२ मिमीचाच, पण आटे १.२५ चे. दिसायला फरक कळत नाही. चुकीचा नट एक-दोन फेरे जातो आणि अडतो. हाताने बसवणारा तिथेच थांबतो. गन थांबत नाही, ती स्टडचे आटे मारून टाकते. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या गाड्यांना नट नसतातच, हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, जाणारे बोल्ट असतात. क्रोम जपण्याची पद्धत त्यांनाही हीच, पण बोल्टच्या लांबीचा हिशेब निराळा असल्याने मूळ बोल्टच्या लांबीत फरक करू नका.

आता नट अख्खा आहे की टोपीचा, हे बघा. काही नट एकाच पोलादी तुकड्याचे असतात आणि त्यावर थेट मुलामा असतो. काहींमध्ये आत साधा पोलादी नट आणि वर पातळ चमकत्या पत्र्याची टोपी दाबून बसवलेली असते. खालून बघितलं तर बैठकीच्या वरच्या अंगाला पत्र्याची कड दुमडलेली दिसते, नखाला लागते. त्या फटीतून पाणी आत जातं, आतलं पोलाद गंजून फुगतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी १९ चं सॉकेट त्या नटावर चढेनासं होतं. मग ठोकून चढवावं लागतं आणि टोपी फाटते. समुद्राजवळच्या हवेत टोपीचे नट घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चार पैसे जास्त गेले तरी अख्खाच नट घ्या.

आणखी एक सांगतो. नुसती चमकच हवी असेल तर साध्या नटांवर दाबून बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्रोमी टोप्या मिळतात. चाक काढताना त्या आधी हाताने काढायच्या, मग पान्याचा आणि चमकीचा संबंधच येत नाही. ज्यांची गाडी दर दोन महिन्यांनी टायरवाल्याकडे जाते त्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा.

सॉकेट: सगळी मेख इथे आहे

गाडीसोबत येणारा एल पाना क्रोमच्या नटाला लावू नका. तो ढिला असतो, त्याचं तोंड ओबडधोबड असतं, आणि जोर लावताना तो तिरका होतो. क्रॉस पानाही त्याच जातीचा. क्रोमसाठी सहा कोनांची, खोल, पातळ भिंतीची गोटी लागते. बारा कोनांची गोटी नटाला फक्त टोकांजवळ धरते आणि सगळा जोर त्या सहा कोपऱ्यांवर येतो. सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट बाजू धरते. क्रोम आधी कोपऱ्यांवरच फुटतो, तेव्हा कोणती घ्यायची हे उघड आहे.

माप नीट तपासा. नटाचं माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचांत, हे आधी बघा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, त्यामुळे १९ ची गोटी त्यावर अडखळते आणि मुलाम्याच्या जाडीने आणखी घट्ट होते. तेरा सोळांश इंच म्हणजे २०.६४ मिमी. त्यावर २१ ची गोटी सहज चढते, आणि ते ०.३६ मिमीचं अंतरच कोपरे खातं. इंची नट असेल तर इंची गोटीच घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला दोन्ही मिळतात. जाताना एक नट खिशात न्या आणि दुकानातच चढवून बघा.

चढवून बघायचं म्हणजे काय करायचं? नट एका हातात धरा, गोटी त्यावर पूर्ण बसवा आणि दुसऱ्या हाताने डावी-उजवीकडे हलवा. गोटी नटाला धरण्याआधी मोकळी किती फिरते ते बघा. जेमतेम जाणवेल इतकी हालचाल चालेल. डोळ्याला दिसेल इतकी फिरत असेल तर ती गोटी परत ठेवा. मग गोटी काढून नटाच्या कोपऱ्यांवर उजेड तिरका पाडून पाहा. चांगल्या गोटीची खूण राहिलीच तर सपाट बाजूच्या मधोमध, फिकट पुसटशी राहते. कोपऱ्याच्या धारेवर बारीक पांढरी रेघ दिसली तर गोटी कोपऱ्यावर चढते आहे असं समजा.

बाजारात १७, १९ आणि २१ चा तीन गोट्यांचा संच मिळतो, बाहेरून निळं, पिवळं आणि लाल प्लॅस्टिकचं आवरण असलेला. घ्यायला हरकत नाही, पण त्याचं काम काय ते ओळखून घ्या. बाहेरचं आवरण रिमच्या भोकाची भिंत वाचवतं. नटाचा क्रोम त्याने वाचत नाही, कारण नटाला लागते ती आतली धातूची बाजू. नटासाठी आतून वेगळी सोय करावी लागते.

ती सोय अशी. गोटी आधी आतून स्वच्छ करा. उलटी करून तळहातावर आपटा, चिंधीवर थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० घेऊन आतून पुसा, मग कोरडी करा. आत राहिलेले रेतीचे दोन कण क्रोमवर घासकागदाचं काम करतात. मग पेंटर वापरतात त्या कागदी मास्किंग टेपची एक पट्टी नटाच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना खाली येईल अशी लावा, आणि दुसरी तिला आडवी. त्यावर गोटी सरळ दाबा. टेप असताना गोटी हाताच्या दाबाने बसली पाहिजे. हातोडीने ठोकावी लागत असेल तर एक पट्टी काढा, आणि तरीही बसत नसेल तर दुधाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकचा तुकडा मध्ये घ्या. टेप बैठकीपर्यंत किंवा आट्यांत मात्र जाऊ देऊ नका. ती बैठकीखाली सापडली तर नट रिमवर धातूला धातू टेकणार नाही आणि पुढे सैल होईल.

बंद डोक्याच्या नटांसाठी आणखी एक काळजी. खोल गोटीचा तळ नटाच्या घुमटावर घासतो आणि तिथे गोल चरा पडतो, जो लांबूनही दिसतो. जुन्या स्लिपरच्या रबराची गोल चकती कापून गोटीच्या तळाशी बसवा. एवढ्याने तो चरा टळतो.

ही गोटी फक्त याच कामाची ठेवा. चिंधीत गुंडाळून गाडीतच राहू द्या. इतर कामाला दिली की तिच्या आतल्या कडा मोडतात आणि पुढच्या वेळी नुकसान नटाचं होतं. रिमचं भोक इतकं अरुंद असेल की पातळ गोटीही आत जात नाही, तर किल्लीने फिरणारे, खाचांचे बारीक नट येतात, ते घ्या.

चाक उतरवून

जागा सपाट हवी. सोसायटीच्या पोडियमचा उतार यासाठी चालणार नाही, त्यापेक्षा खाली आवारात गाडी काढा. हॅण्डब्रेक ओढा, गिअर टाका, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून विटा लावा. चाक जमिनीवर असतानाच जुने नट अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा. एका वेळी एकच चाक. जॅकवरच्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. गाडी धावून आली असेल तर चाक आणि ब्रेक थंड होऊ द्या.

चाक निघालं की हबचा चेहरा बघा. पावसाळ्यानंतर त्यावर गंजाची खपली हमखास असते. तारेच्या ब्रशने ती काढा आणि रिमची आतली बाजूही पुसा. खपली मध्ये राहिली तर नट आवळताना चाक घट्ट वाटतं, आणि थोडं चालवल्यावर खपली चुरते, नट ढिले होतात. स्टडचे आटे कोरड्या ब्रशने साफ करा.

स्टडला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितलं असेल तरच लावा. ‘थोडं ऑइल सोडा, पुढच्या वेळी सहज निघेल,’ असं अनेक मेकॅनिक प्रेमाने सांगतात. पण पुस्तिकेतला टॉर्कचा (नट फिरवून आवळण्याच्या जोराचा, न्यूटन मीटरमधला) आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लागलं की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला स्टडवर बराच जास्त ताण येतो.

आता एक चाचणी, जी फार कमी लोक करतात. चाक नसताना, नुसत्या स्टडवर नवा नट बोटांनी फिरवा आणि फेरे मोजा, शेवटी अडेपर्यंत. समजा १४ फेरे झाले. मग चाक चढवल्यावर तोच नट बोटांनी रिमला टेकेपर्यंत फेरे मोजा. हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा निदान दोन-तीन फेऱ्यांनी कमी यायला हवा. नाही आला तर याचा अर्थ नटाचं बंद टोक स्टडच्या टोकाला आधी लागतं आहे. नट आवळल्यासारखा वाटेल, पण चाक दाबलं गेलेलं नसेल.

याच आकड्यातून दुसरीही खात्री होते. नटाने स्टडला निदान त्याच्या व्यासाएवढं धरायला हवं, म्हणजे १२ मिमीच्या स्टडवर १२ मिमी. १.५ च्या आट्यांना त्यासाठी ८ फेरे लागतात, १.२५ ला १० च्या आसपास. चाक चढवल्यावर पाच-सहा फेऱ्यांतच नट टेकला तर धर अपुरी आहे. जाड रिम किंवा हब आणि रिमच्या मध्ये घातलेल्या चकतीमुळे (स्पेसरमुळे) असं होतं. अशा वेळी चमकीचा विचार बाजूला ठेवा आणि स्टड किंवा नट बदला.

बोटांनी, मग गोटीने

सगळे नट आधी बोटांनी लावा. एकही नट पान्याने सुरू करायचा नाही. बोटांना पहिल्या फेऱ्यातच कळतं, नट सरळ चालला आहे की तिरका. अडला तर उलटा फिरवा, ‘टक्’ असं आटे जुळल्याचं जाणवेपर्यंत, आणि मग पुढे. क्रोमच्या नटात कधी कधी मुलाम्याचा फुगवटा पहिल्या आट्यापाशी साठलेला असतो आणि नट कुठल्याच स्टडवर बोटांनी जात नाही. तो जबरदस्तीने चढवू नका, दुकानदाराला परत द्या. म्हणून घेतानाच एखाद-दुसरा नट जास्त घ्यावा.

बोटांनी जेवढे जातील तेवढे सगळे टेकवा आणि चाक दोन्ही हातांनी धरून हलवा, म्हणजे बैठका आपापल्या भोकात बसतात. मग टेप लावून गोटी चढवा आणि ती नुसत्या हाताने, रॅचेट न लावता, समोरासमोरच्या क्रमाने फिरवा. पाच नटांच्या चाकाला एक सोडून एक, म्हणजे चांदणी काढतो तसा क्रम. चारांच्या चाकाला समोरासमोर.

इथे गन नकोच, अगदी ‘हलकी मारतो’ म्हटलं तरी नको. गनमध्ये आतला हातोडा सॉकेटला सेकंदाला कितीतरी ठोके देतो आणि प्रत्येक ठोक्याला गोटी नटावर पुढे-मागे आपटते. ठिसूळ मुलाम्याला याहून वाईट काही नाही. लॉक नट (चाकचोरी टाळण्यासाठी खास किल्लीनेच फिरणारा नट) असेल तर त्याच्या किल्लीच्या खाचाही गनने मोडतात, आणि मग तो नट काढायला अर्धा दिवस जातो.

शेवटचा जोर

जॅक इतका खाली करा की टायर जमिनीला लागून फिरणार नाही, पण पूर्ण भार आलेला नसेल. आता टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की कळवणारा पाना. अर्ध्या इंचाचा, साधारण ४० ते २०० न्यूटन मीटरच्या टप्प्याचा, ‘टक्’ वाजणारा असला तर घरच्या कामाला पुरतो.

आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. होंडा सिटीला १०८ न्यूटन मीटर असतो, पोलोला १२०, ह्युंदाईच्या अलीकडच्या अनेक गाड्यांना १०७ ते १२७, मारुतीच्या जुन्या स्विफ्टला ८५. इतका फरक असताना ‘सगळ्या गाड्यांना सारखंच’ हे ऐकून घेऊ नका. आणि अंदाजाने आवळणं किती चुकतं तेही बघा: ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी नटावर २०० न्यूटन मीटरहून जास्त जोर येतो. म्हणजे होंडा सिटीच्या जवळजवळ दुप्पट. तो जोर स्टड ताणतो, रिमचं भोक दाबतो आणि क्रोमचे कोपरे मोडतो. पुढच्या वेळी नट काढायला आणखी जोर लागतो आणि नुकसान दुप्पट होतं. क्रोम टिकवायचा असेल तर नट योग्य आकड्याला आवळलेलाच असायला हवा, त्याहून जराही जास्त नको.

१०८ ला जायचं असेल तर एकदम जाऊ नका. पहिली फेरी ४० ला, दुसरी ८० ला, तिसरी १०८ ला, प्रत्येक वेळी त्याच क्रमाने. दुसऱ्या फेरीनंतर जॅक काढून गाडी पूर्ण जमिनीवर घ्या.

हातांची जागा महत्त्वाची. एक हात रेंचच्या मुठीवर, दुसरा तळवा रेंचच्या डोक्यावर, गोटीच्या अगदी मागे, चाकाकडे दाबून. हा दुसरा हातच क्रोम वाचवतो, कारण तो गोटीला तिरकं होऊ देत नाही. रेंच आणि गोटीमधला जोडदांडा (एक्स्टेन्शन) शक्यतो आखूड ठेवा. लांब लावावं लागलं तर त्याच्याखाली आधार द्या. रेंच झटका देऊन नव्हे, एकसारखा ओढा. ‘टक्’ झालं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा ‘टक्-टक्’ करणारे बरेच असतात, पण प्रत्येक टक् नट थोडा पुढे नेतो. गोटी काढताना सरळ मागे ओढा, हलवून-हलवून काढू नका. टेप सोलून टाका, तिचा चिकटपणा नटावर राहिला तर चिंधीने पुसा.

काम झालं की टॉर्क रेंचचा आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. आणि या रेंचने नट कधीही सोडवू नका. सोडवायला साधा लांब दांडा आणि हीच गोटी.

८० ते १५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासा, चाकं थंड असताना. नव्या नटाच्या बैठकीवरचा मुलामा पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडा दबतो, म्हणून नव्या क्रोम नटांच्या बाबतीत हे चुकवू नका. ठाण्याहून पुण्याला गेलात तर तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी करा, आणि मधल्या वाटेत चाकातून थरथर किंवा आवाज आला तर तिथेच थांबून बघा. बैठकीवर क्रोम घासलेला दिसला तर घाबरू नका, तो झाकलेला भाग आहे.

टायरवाल्याकडे गेल्यावर

सगळी मेहनत एका पंक्चरमध्ये वाया जाऊ शकते. दुकानात गाडी लावली की मुलगा गन घेऊनच येतो, त्याचा हात त्या कामाला सरावलेला असतो. गाडीतून उतरल्या उतरल्या बोलावं.

‘दादा, नट क्रोमचे आहेत. गन नका लावू, ही गोटी घ्या.’

‘साहेब, गनने दोन मिनिटांत होईल. हाताने वेळ जातो.’

‘जाऊ दे वेळ, मी थांबतो. सुरुवात बोटांनी करा, शेवटचा टॉर्क मी लावतो.’

बहुतेक जण ऐकतात, आणि वेगळी मजुरी मागितली तर ती द्यावी, कारण वेळ खरंच जास्त जातो. गर्दीच्या वेळी, संध्याकाळी घोडबंदर रोडच्या रांगेत, हा आग्रह धरणं कठीण असतं. म्हणून अलाइनमेंट, बॅलन्सिंगसारखी ठरवून करायची कामं आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी करा. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉब कार्डवर ‘व्हील नट हाताने, गन वापरू नये’ असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं आत मेकॅनिकपर्यंत पोचत नाही.

नंतरची निगा

फार काही नाही. गाडी धुताना साधा शाम्पू आणि मऊ ब्रश. टँकरचं किंवा बोअरचं पाणी नटांवर वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात, कपड्याने लगेच पुसा. बाथरूमची फरशी धुण्याचं अॅसिड किंवा रिमचे डाग झटपट काढणारी अॅसिडची द्रावणं क्रोमला चालत नाहीत. सर्व्हिसिंगवाला काय मारतो आहे ते विचारा. भांडी घासायचा तारेचा काथ्याही वर्ज्य. दसऱ्याला पूजा झाली की चाकाखाली फुटलेल्या लिंबाचा रस आणि नारळाचं पाणी नटांवर उडालेलं असतं, ते त्याच दिवशी धुऊन टाका.

पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास नटांवर गाडीच्या मेणाचा पातळ हात फिरवा. नव्या नटाला हे बसवण्याच्या आधी केलं तरी चालतं, मात्र मेण आटे आणि बैठक सोडून लावायचं. गंजाचा बारीक ठिपका आलाच तर घरातली अॅल्युमिनियम फॉइल ओली करून हलक्या हाताने चोळा, तांबडेपणा निघतो. गेलेला मुलामा परत येत नाही, पण जागा कोरडी करून मेण लावलं तर पसरणं लांबतं. कोपऱ्याचा पापुद्रा उचलला गेला असेल तर तो नट बदला. सुटलेली कड धारदार असते, बोट कापते, आणि गोटीत अडकून शेजारच्या नटांनाही ओरखडे पाडते.

राहिली स्टेपनी. अलॉयवर शंकूचे क्रोम नट लावलेत आणि स्टेपनी कंपनीची, गोलाईच्या बैठकीची असेल, जशी होंडात असते, तर नवे नट स्टेपनीला चालत नाहीत. मूळ नट फेकू नका. एका चाकाला पुरतील इतके जुने नट कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खड्ड्यात ठेवा, सोबत लॉक नटाची किल्ली आणि ती गुंडाळलेली गोटी. आणि घरात दुसरं कोणी गाडी चालवत असेल तर त्यांनाही ती पिशवी कुठे आहे आणि कशासाठी आहे, हे एकदा दाखवून ठेवा.